बाळारामकाका पत्रेवाले

बाळारामकाका कुणाची गाडी बघायला आले की आधी गाडीकडे जात नसत. आधी विचारत, "धुता कुठल्या पान्यानं?" समोरचा माणूस गोंधळायचा. मग विहीर असेल तर विहिरीकडे, बोअर असेल तर बोअरच्या नळाकडे काका स्वतःच चालू लागत. ओंजळीत घोटभर पाणी घेत, जिभेवर क्षणभर ठेवत आणि बाजूला थुंकून टाकत. त्यानंतर गाडीजवळ येत.

वसईजवळच्या गास गावातल्या आमच्या घरी ते पहिल्यांदा आले तेव्हा मी डी.एड.च्या शेवटच्या वर्षाला होते. माझ्या वडिलांनी, म्हणजे भाऊंनी, तीन-चार वर्षांपूर्वी एक जुनी पिकअप घेतली होती. आमची वाडी केळीची आणि फुलांची. पहाटे केळीची पानं, सोनचाफा, भाजी भरून भाऊ बाजाराला जात आणि दुपारी परत येत. परत आले की जेवायच्या आधी गाडी धुवायचा त्यांचा नेम होता. विहिरीची मोटर लावून, नळी धरून, चाकांच्या आतपर्यंत पाणी मारत ते गाडी धुवायचे. आजोबा बैल धुवायचे तशी. एवढी निगा राखूनही गाडीचा हौदा खालून चाळणीसारखा झाला होता आणि दाराखालचा पत्रा बोटानं दाबला तर पापडासारखा मोडत होता. भाऊंना ते कळेना. कुणीतरी सांगितलं, उमेळ्याला बाळाराम म्हणून गाड्यांचा पत्रा ठोकणारा डेंटर आहे, त्याला दाखवा.

काकांनी आमच्या विहिरीचं पाणी जिभेवर ठेवलं, थुंकलं आणि विचारलं, "ही मचूळ कधीपासून झाली?"

भाऊ म्हणाले, मचूळ कुठली, आम्ही हेच पाणी पितो. काका शांतपणे म्हणाले, "तुम्हाला सवय झाली, भाऊ."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती पुढे झाली आणि म्हणाली की गेली दोन वर्षं चहात दूध अधूनमधून नासतं. ती दूधवाल्याला बोलत होती, त्यापायी दोन दूधवाले बदलले होते. काकांनी नुसती मान हलवली. भाऊ विहिरीच्या कठड्यावर बसले ते बराच वेळ उठले नाहीत. गाडीचं दुखणं विचारायला गेलो आणि विहिरीचं दुखणं कळलं. समुद्र आमच्या वाडीखालून हळूहळू सरकत येत होता आणि घरातल्या एकाही माणसाच्या जिभेला ते कळलं नव्हतं. भाऊ रोज जीव लावून गाडीला मिठाच्या पाण्यानं अंघोळ घालत होते. काका त्यांच्याजवळ बसले आणि म्हणाले की निगा राखलीत म्हणून कॅबिन तरी शाबूत आहे, नाहीतर तीही गेली असती. हे खरं होतं की भाऊंना बरं वाटावं म्हणून होतं, मला आजही माहीत नाही.

काकांची जीभ तशी तयार झाली होती ती मिठागरात. त्यांचे आईवडील मिठागरावर मजुरी करत. लहानपणापासून काका वाफ्यांमधून पाणी फिरवायला जात, आणि कुठल्या वाफ्यातलं पाणी कितपत घट्ट झालं ते जिभेनं सांगत. पुढे ते वसई रोडच्या एका गॅरेजात लागले, हातोडी शिकले, आणि लग्नानंतर उमेळ्याला एका वाडीच्या कडेला स्वतःची शेड घातली. मागे नारळ, पुढे रस्ता. शेड पत्र्याची, पण त्या पत्र्यावर गंजाचा ठिपका नसायचा. दर दसऱ्याला ते शिडी लावून छपराला रंग काढत. यमुनाकाकी खालून डबा वर देत.

यमुनाकाकी त्यांच्या बायको. उंच, सावळ्या, बोलायला कमी. शेडमध्ये त्यांचं एक लाकडी स्टूल होतं. पॉलिश पेपरनं पत्रा घासायचं काम त्यांचं. काका म्हणत, माझ्या बोटांना घट्टे पडलेत, मला खडबडीत काय नि गुळगुळीत काय, तिच्या बोटांना कळतं. रंग मिसळायचा तोही काकीच. जुन्या उन्हानं फिकटलेल्या निळ्यात किती पांढरा टाकायचा, हे त्या डब्यात काडी फिरवता फिरवता ठरवत.

आमच्या पिकअपचं पहिलं काम चाललं होतं तेव्हा भाऊंचा डबा घेऊन मी शेडवर जात असे. भाऊ तिथेच बसून असायचे. काकांनी हौद्याचा कुजलेला भाग कापून काढला होता आणि कडेचा गंज ग्राइंडरनं खरवडत चांदीसारखा पत्रा उघडा केला होता. इतका लखलखीत पत्रा मी कधी पाहिला नव्हता. नकळत मी हात लावायला गेले.

"हात नको, बाय," काका म्हणाले. "हाताला मीठ असतं."

मी हात मागे घेतला, पण बोटं टेकली होती. काकांनी फडक्यावर थिनर घेतलं आणि तेवढीच जागा दोनदा पुसली. त्यात राग नव्हता. कुणी सांडलेलं पाणी पुसावं तसं पुसलं. मी मात्र घरी येईपर्यंत अधूनमधून तळहाताकडे बघत होते.

उघडा पत्रा त्यांनी कधी दुसऱ्या दिवसावर ठेवला नाही. सकाळी खरवडला की संध्याकाळच्या आत त्यावर प्रायमरचा हात मारलाच पाहिजे. पण प्रायमर कधी मारायचा, हेही हवेवर. शेडच्या खिडकीत त्यांची एक टवका उडालेली बशी असे, त्यात चिमूटभर मीठ. सकाळी आल्यावर आधी ते मीठ बोटानं हलवून बघत. मीठ मोकळं असेल तर ग्राइंडर लावत. ओलसर झालं असेल तर त्या दिवशी फक्त ठोकाठोकीची कामं. गिऱ्हाईक कितीही घाईत असू दे. गिऱ्हाईक तावातावानं बोलू लागलं तर काका ती बशीच त्याच्यापुढे धरत.

त्यांचा दुसरा हट्ट म्हणजे भोकं. गाडीच्या दारांना आणि पायदानाला खालून बारीक भोकं असतात, आत शिरलेलं पाणी वाहून जावं म्हणून. चिखलानं ती बुजतात. काही लोक तर पाणी गळतं म्हणून मुद्दाम बुजवतात. काकांच्या खिशात सायकलची एक जुनी तार कायम असे. लग्नाला जावो, मयताला जावो, रस्त्याकडेला उभ्या असलेल्या गाडीची भोकं बुजलेली दिसली की ते खाली बसून ती मोकळी करत. "पत्रा बाहेरून नाय कुजत," ते म्हणत, "आतून कुजतो. आत आलेलं पानी जाऊ द्यायचं." आम्हाला त्यांनी तीन गोष्टी घालून दिल्या. गाडी आठवड्यातून एकदाच, पण नगरपालिकेच्या गोड्या पाण्यानं, खालून धुवायची. पावसाळ्याआधी चासीच्या, म्हणजे खालच्या सांगाड्याच्या, आतल्या बाजूला जुनं ऑइल फवारायचं. आणि रंगाला फोड दिसला की त्याच आठवड्यात त्यांच्याकडे यायचं. भाऊंनी तीनही पाळल्या. त्या पिकअपनं पुढे कितीतरी पावसाळे काढले.

माझं लग्न ठरलं तेव्हा मात्र भाऊंचं आणि काकांचं बिनसलं. उघड भांडण नाही. भाऊंच्या मनात होतं की सामान घेऊन जाणारी गाडी नवीकोरी दिसावी. मधल्या काळात एका सीझनला त्यांनी राजोडीच्या एका मासळीवाल्याला गाडी भाड्यानं दिली होती. बर्फाचं खारं पाणी हौद्यातून कॅबिनखाली मुरलं होतं आणि पत्रा परत फुगला होता. काकांनी तीन आठवडे मागितले. दिवस दमट होते, बशीतलं मीठ रोज पाणी सोडत होतं. भाऊ दोनदा गेले, दोनदा बशी बघून परत आले. मग कुणाच्या तरी सांगण्यावरून त्यांनी दुसरीकडच्या एका गॅरेजात गाडी टाकली. चौथ्या दिवशी गाडी दारात आली ती आरशासारखी. त्या निळ्या रंगात आमच्या दारातली केळ दिसत होती.

काका-काकी लग्नाला आले. मी मांडवात होते, त्यामुळे पुढचं मला आईनं नंतर सांगितलं. काका गाडीपाशी गेले, एक फेरी मारली. त्यांच्या खिशात फ्लॅनेलच्या तुकड्यात गुंडाळलेला एक लोहचुंबक असे. रंगाखाली पत्रा आहे की लांबीचा, म्हणजे भोकं बुजवायच्या पुट्टीचा, लपका, हे ते त्यानं बघत, लांबी असली की चुंबक धरत नाही. त्यांनी खिशात हात घातला. भाऊ थोड्या अंतरावरून बघत होते. काकांनी हात तसाच रिकामा बाहेर काढला आणि म्हणाले, "छान दिसते गाडी." मग ते पंगतीला जाऊन बसले आणि दोनदा जिलबी मागून घेतली.

दोन वर्षांनी, पाऊस सरत असताना, सोपाऱ्याच्या एका वळणावर भाऊंनी क्लच दाबला आणि त्यांचा पाय पायाखालच्या पत्र्यातून आरपार गेला. गाडी कडेच्या खाचरात उतरली. दुसऱ्या कुणाला लागलं नाही, पण फाटलेल्या पत्र्यानं भाऊंची पोटरी घोट्यापर्यंत चिरली. टाके पडले, त्यात गावातल्या डॉक्टरांना गंजाची भीती, म्हणून इंजेक्शनं. महिनाभर भाऊ खाटेवर होते. गाडी कुणीतरी ओढून आणून दारात लावली होती. निळ्या रंगाचे ढलपे सुटून खाली पडत होते आणि भाऊ खिडकीतून ते बघत होते. काकांना बोलवू का, असं आईनं दोनदा विचारलं. ते नको म्हणाले. कुठल्या तोंडानं बोलवू, एवढंच म्हणाले.

मी भाऊंना बघायला माहेरी गेले होते त्या दिवशी काका-काकी न बोलावता आले. गाडी अंगणातच होती. घरात शिरायचं तर तिच्या बाजूनंच जावं लागायचं, पण काकांनी तिच्याकडे मान वळवली नाही. आत येऊन भाऊंच्या खाटेशी बसले. पायाची चौकशी केली, टाके कधी काढणार विचारलं, गावातल्या कुणाकुणाचं बोलले. चहा झाला. भाऊ सगळा वेळ चादरीची शिवण चाचपत होते. निघायच्या वेळी काका उभे राहिले आणि हात पुढे केला.

"चावी द्या, भाऊ."

भाऊंनी उशीखालून चावी काढली आणि त्यांच्या हातावर ठेवली. एवढंच झालं. माफी कुणी मागितली नाही, कुणी दिली नाही.

त्या कामाबद्दलची एक गोष्ट मला काकींनी फार उशिरा सांगितली. कॅबिनखालची लांबी खरवडायला घेतली तेव्हा ती बोटभर जाड निघाली, आणि तिच्या आत भोकांमध्ये वर्तमानपत्रांचे बोळे कोंबलेले होते. भिजून कुजलेले. काकांनी ते सगळे बोळे गोळा केले आणि भाऊ शेडवर यायच्या आत चुलीत घातले. ओले होते, जळेनात, काकींचे डोळे धुरानं लाल झाले. पण भाऊंना ते दिसता कामा नये होते. आपण कागदावर पाय ठेवून गाडी चालवत होतो, हे भाऊंना शेवटपर्यंत कळलं नाही.

नंतर मी आणि माझ्या नवऱ्यानं उमेळ्यालाच घर घेतलं. वाड्या जाऊन इमारती उभ्या राहत होत्या, त्यातल्या एका इमारतीत. शाळेतून येताना वाटेत शेड लागायची, त्यामुळे मी कधीमधी थांबायची. काका पत्रा तपासत तेव्हा हातोडीच्या लाकडी दांड्यानं तो हलकेच वाजवत जायचे. निरोगी पत्र्याचा आवाज मोकळा येतो, आतून खाल्लेल्याचा बद्द. पुढे मला दिसू लागलं की ते वाजवतात तेव्हा काकी स्टुलावरून उठून जवळ येऊन उभ्या राहतात. काका एक ठोका मारायचे आणि पत्र्याकडे न बघता काकींच्या तोंडाकडे बघायचे. काकी पापणी मिटावी इतकी हलकेच मान हलवायच्या किंवा हलवायच्या नाहीत. मग काका खडूनं खूण करायचे किंवा पुढे सरकायचे. मला आधी वाटलं, काकी काम शिकताहेत.

एकदा काका चहा आणायला गेले असताना मी विचारलं. काकी हातातला पॉलिश पेपर घडी घालत म्हणाल्या की दोन वर्षं झाली, काकांना फार कमी ऐकू येतं. जन्मभर हातोडीचा आवाज कानाशी. डॉक्टरांनी सांगितलं, गेलं ते परत यायचं नाही. गिऱ्हाइकांना कळलं तर म्हणतील, बहिऱ्या डेंटरला पत्र्यातलं काय कळणार.

"कुनाला सांगू नको, बाय," त्या म्हणाल्या. "काम त्यांचंच हाय. मी नुसती ऐकते."

मी शब्द दिला आणि तो मीच मोडला.

त्या वर्षी पाऊस असा झाला की खाडीचं पाणी मागे हटेना. आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये दोन दिवस कमरेइतकं पाणी होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी ओसरलं आणि सगळीकडे राखाडी गाळ उरला. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. खालून आरडाओरड ऐकू आली. वाकून पाहिलं तर आमच्या वॉचमननं एका माणसाचे पाय धरून त्याला गाडीखालून ओढून काढलं होतं. चिखलानं माखलेला माणूस. हातात सायकलची तार.

मी धावत खाली गेले. तोवर दहाबारा लोक जमले होते. वॉचमन सांगत होता की याला चार हाका मारल्या, कोण आहेस विचारलं, हा उत्तर देत नाही, नुसता खाली घुसतो, म्हणजे चोरच. सोसायटीच्या सेक्रेटरींनी काकांची कॉलर धरली होती. काका काहीतरी सांगू बघत होते, पण कोण काय विचारतंय ते त्यांना कळत नव्हतं, त्यामुळे ते भलतंच उत्तर देत होते आणि लोक आणखी चिडत होते. कुणीतरी हात उगारला.

मी ओरडले, "त्यांना ऐकू येत नाही."

सगळे एकदम थांबले. काकांनी माझ्याकडे पाहिलं. माझा आवाज त्यांच्यापर्यंत पोचला नसेल, पण ओठ त्यांनी वाचले असावेत. त्यांच्या चेहऱ्यावरचा गोंधळ गेला आणि ते खाली बघू लागले. चोर म्हणून धरले गेले तेव्हाही त्यांची मान अशी खाली गेली नव्हती.

मी सेक्रेटरींना समजावलं की हे कोण आहेत आणि काय करत होते. मग काकांनी स्वतःच सांगायला सुरुवात केली, जरा जास्त मोठ्या आवाजात, बहिरी माणसं बोलतात तसं. हे खाडीचं पाणी आहे, दारांच्या आत साठून राहिलंय. भोकं मोकळी करून ते आजच्या आज काढलं नाही, आतले गालिचे बाहेर टाकले नाहीत, गोड्या पाण्यानं आतून धुतलं नाही, तर दिवाळीपर्यंत या गाड्यांना बाहेरून रंग राहील आणि आत काही राहणार नाही. बोलता बोलता त्यांनी जवळच्या एका गाडीच्या दाराखाली तार घातली. भोकातून काळं पाणी धार धरून वाहायला लागलं. सगळे ते पाणी बघत राहिले. थांबतच नव्हतं.

सेक्रेटरी वर गेले आणि स्वतःच्या गाडीची चावी घेऊन आले. दुपारपर्यंत पार्किंगमधल्या सगळ्या गाड्यांची दारं उघडी होती, गालिचे भिंतीवर होते, आणि वॉचमन तार घेऊन काकांच्या मागे मागे फिरत होता. टाकीतल्या पाण्यावरून एरवी भांडणाऱ्या बायकांनी बादल्या भरून आणल्या. काका जायला निघाले तेव्हा मी फाटकापर्यंत गेले. मी काही बोलले असते तरी त्यांना ऐकू येणार नव्हतं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवायला उचलला, तो चिखलानं भरलेला पाहून तसाच खाली घेतला, आणि गेले.

त्यानंतर काही गिऱ्हाइकं तुटली, काही राहिली. मी आठवडाभर शेडच्या रस्त्यानं गेले नाही. मग एकदा काकींनीच मला हाक मारून थांबवलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं. लपून ऐकायला लागायचं, आता समोर उभी राहून ऐकते."

भाऊंच्या पिकअपवरचं काकांचं शेवटचं काम म्हणजे त्यांनी न केलेलं काम. भाऊ तेव्हा सत्तरीपुढे होते. आरटीओच्या पासिंगची तारीख जवळ आली होती म्हणून ते गाडी घेऊन शेडवर आले होते, मीही होते. काकांनी चासीवर दांडा वाजवला. काकी आणखी जवळ येऊन वाकल्या. काकांनी दुसऱ्या जागी वाजवला, मग परत पहिल्या जागी. काकींनी मान हलवली, नाही अशी. काका गाडीखालून बाहेर आले, हात पुसले आणि भाऊंना म्हणाले की ही आता चालवू नका.

भाऊ म्हणाले, पट्टी मार. आजवर मारत आलास तशी मार. काका म्हणाले, पत्रा बदलता येतो, ही चासी आहे, आतून पोकळ झालीय. भाऊंनी परोपरीनं सांगितलं. जवळच्या जवळ फिरवेन, माल कमी भरेन, फक्त पासिंगपुरती कर. काका नाहीच म्हणत राहिले. शेवटी भाऊ म्हणाले, मग तू काय कामाचा? हे त्यांनी सावकाश, स्पष्ट ओठ हलवत म्हटलं, ऐकू यावं म्हणून.

काकांनी ते वाचलं. म्हणाले, "रंग मारून देतो, भाऊ. नवी करून देतो. पन चावी मी बायकडे देनार."

भाऊ रिक्षा करून घरी गेले. गाडी मागाहून ओढून न्यावी लागली. पुढचे चार महिने ते काकांशी बोलले नाहीत. काका मात्र दर रविवारी गासला जात. ओटीवर बसत, आई चहा देई, भाऊ आतल्या खोलीत रेडिओ मोठा करून बसत. काकांना तो रेडिओ ऐकूच येत नव्हता, हे भाऊंच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे. अर्धा तास बसून काका परत जात. आई म्हणायची, अहो, दोन शब्द बोला की. भाऊ बाहेर येत नसत, पण रविवारी दाढी मात्र सकाळीच करायला लागले.

मग एका रविवारी ते बाहेर आले, चप्पल घातली आणि खुणेनं म्हणाले, चल. दोघं अंगणात गेले. गाडी भंगारवाल्याला न देता त्यांनी ती स्वतः खोलायला घेतली. चार-पाच रविवार ते काम चाललं. म्हातारी माणसं, एक नट सैल करायला अर्धा तास लागायचा, मग चहा. हौद्याचा मागचा फाळका चांगला निघाला. काकांनी फार पूर्वी नवा घातलेला पत्रा होता तो, त्यावर ठिपक्याएवढाही गंज नव्हता. त्याचं त्यांनी चाफ्याच्या वाफ्याला छोटं फाटक करून दिलं. पुढच्या वर्षी भाऊ गेले. काका तिरडीबरोबर अनवाणी चालत होते.

उमेळ्याची ती वाडी विकली गेली तशी शेडही गेली. काका-काकी राजोडीला लेकीकडे राहायला गेले. काका वारले ते त्यानंतरच्या पावसाळ्यात. मला कळलं तेव्हा दहावंही होऊन गेलं होतं. पण त्याआधी एकदा ते मला दिसले होते.

दिवाळीच्या सुट्टीत शाळेतल्या आम्ही काहीजणी संध्याकाळी राजोडीला गेलो होतो. रविवार होता, किनाऱ्यावर माणसांची झुंबड, घोडागाड्या, मक्याच्या कणसांचा धूर. सुरूच्या झाडांखाली एका ओंडक्यावर काका-काकी बसलेले होते. काका फार वाळले होते. पांढरा सदरा वाऱ्यानं फडफडत होता आणि ते खालच्या गुंडीला धरून बसले होते. काकींनी मला पाहिलं आणि त्यांचा दंड दाबला. काकांनी वळून पाहिलं, ओळखलं, आणि हसले.

मी बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी हात वर करून मला थांबवलं. खिशातून औषधाच्या गोळ्यांची असते तशी छोटी डबी काढली. डबीत कापूस, आणि कापसात कानाचं मशीन. लेकीनं घेऊन दिलं होतं. काकी सांगू लागल्या की समुद्रावर आले की ते हे कानात घालत नाहीत. खारा वारा लागून आत गंजेल म्हणून डबीत ठेवतात. घरी दारं-खिडक्या लावून मगच घालतात, नातवंडांनी ओल्या हातानं शिवलं तर ओरडतात.

काकांनी दोन्ही तळवे सदऱ्याला पुसले, मशीन कानात बसवलं, बोटानं त्याचं बटण फिरवलं.

"बोल, बाय."

इतक्या वर्षांत मला त्यांना कायकाय सांगायचं होतं. त्यातलं काही आठवेना. मी आईचं सांगू लागले. तिचा गुडघा दुखतो, एकटीला करमत नाही, तरी आमच्याकडे राहायला येत नाही. चुलीवरचा चहा लागतो, दुपारी ओटीवर बसते, आल्यागेल्याची वाट बघते. काका मान किंचित कलती करून ऐकत होते. भरती लागली होती आणि वारा वाढत होता. काकी म्हणाल्या, काढा आता ते, खराब होईल.

"राहू दे गं," काका म्हणाले. "आईचं सांगते हाय ती."